जुन्या कोठ्यात बुटक्या घोडीचं शिंगरू : वासरासारखंच करायचं का?

वाडीवरचा:
नमस्कार मंडळी. काटोल रोडला कळमेश्वरच्या पुढे आत आमची सात एकर वाडी आहे. तिथे आजोबांच्या काळचा ढोरांचा कोठा अजून उभा आहे. सागवानी खांब, मातीच्या भिंती, वर कवेलू, म्हणजे कौलं. शेवटची बैलजोडी सहा वर्षांपूर्वी विकली. तेव्हापासून आत मोडकं वखर, फवारणीचे पंप, तुरीच्या कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग आणि उंदीर.

दिवाळीत एका ओळखीच्या गृहस्थाने आपल्या दोन बुटक्या घोड्या आमच्या गळ्यात मारल्या. गळ्यात मारल्या म्हणतो खरं, पण मुलीने त्यांच्या मानेत हात घातला तेव्हाच सौदा झाला होता. मिनिएचर हॉर्स म्हणतात यांना. एक ३१ इंच, दुसरी ३३. दोन्ही गाभण आहेत म्हणाला. तपासून घेतल्या तर एकच निघाली, लहानी. फेब्रुवारीच्या मध्यात व्यायची आहे.

गाईम्हशी आमच्याकडे तीन पिढ्या होत्या. अडलेली वासरं मी स्वतः ओढून काढलीत. घरचे म्हणतात, त्यात काय, वासरासारखंच करायचं. खरंच तसंच का? आणि तो कोठा वापरू, की नवीन शेड टाकू?

ढोरकी:
३१ इंच? बाप्पा! आमचा बोकड याच्याहून उंच हाये. झीरो माईलच्या चारही घोड्यायले निरोप देऊन द्या, तुमची लहान बहीण आली म्हणा.

सीताबर्डी:
फोटो टाका आधी. बाकी चर्चा मग.

निवृत्त_पशुवैद्य:
वासरासारखंच नाही. 'गाईसारखंच असेल' या एका वाक्यापायी गेलेली शिंगरं मी नोकरीत पाहिली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

गाय कळा देत असते तेव्हा आपण चहा पिऊन येतो. घोडीची पाण्याची पिशवी फुटली की २० ते ३० मिनिटांत शिंगरू बाहेर यायला हवं. त्यापुढे प्रत्येक मिनिट महागाचं. त्यात ही बुटकी जात. शिंगराचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, म्हणून ही घोडी मोठ्या घोडीपेक्षा जास्त वेळा अडते. मोठ्या घोडीत हात घालून दुमडलेला पाय सरळ करता येतो. इथे हात जायलाच जागा नाही. तेव्हा डॉक्टरचा नंबर लिहून ठेवण्यावर भागवू नका, रात्री येणारा माणूस पक्का करा. सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आत्ताच एकदा दाखवून या, म्हणजे वेळ आली तर घोडी तिथे अनोळखी नसेल.

एक, दोन, तीन एवढं पाठ करा. एका तासात शिंगरू उभं, दोन तासांत आचळाला, तीन तासांत वार पडलेली. गाईची वार बारा तास थांबली तरी आपण घाबरत नाही. घोडीची तीन तासांवर राहिली की डॉक्टरला उठवायचं. आत राहिलेला तुकडा सडतो, विष अंगात भिनतं आणि घोडी चारही पायांनी जाते. पडलेली वार उकिरड्यावर टाकू नका. ओली ठेवून डॉक्टरसमोर पसरा, तुकडा आत राहिला का ते त्यावरूनच कळतं.

बाहेर येणारी पिशवी पांढुरकी-निळसर दिसली तर ठीक. लाल मखमलीसारखी दिसली तर कोणाची वाट पाहू नका, जागेवर फाडा. वार आधीच सुटलेली असते आणि शिंगरू आत गुदमरत असतं.

चीक पहिल्या सहा तासांत पोटात गेलाच पाहिजे. आईच्या पोटात असताना शिंगराला रोगाशी लढायची ताकद मिळत नाही, ती सगळी चिकातून. २४ तासांनंतर आतडं ती घेईनासं होतं, मग बादलीभर पाजला तरी उपयोग नाही. नाळ कापू नका. आपोआप तुटू द्या आणि पातळ क्लोरहेक्सिडीनमध्ये (जंतुनाशक) बुडवा.

दिवस साधारण ११ महिने, पण ३२० ते ३७० मध्ये कधीही. म्हणजे जानेवारीअखेरपासून कोणीतरी कोठ्यात झोपायचं. सडांच्या टोकाला मेणासारखे थेंब दिसले की एकदोन रात्रींचा सवाल. आणि हो, बहुतेक घोड्या रात्रीच वितात, सगळे झोपले की.

ढोरकी:
म्हणजे खरवस नाई भेटणार?

हुशार_आजी:
मेल्या, त्या एवढ्याशा जिवाच्या तोंडातला खरवस खाणार?

कवेलू:
कोठ्याचं मी सांगतो, माझा धंदाच जुनी घरं उतरवायचा आहे. पहिलं म्हणजे कवेलू काढू नका. पत्रा टाकायचा मोह सगळ्यांना होतो, कारण माकडं कवेलू फोडतात आणि शाकारणारा माणूस मिळत नाही. पण मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा पत्र्याखाली उभं राहून पाहा. मातीची भिंत आणि कवेलू असलेला कोठा फुकटचा कूलर आहे. नवीन शेडचे पैसे वाचवा, त्यात कुंपण घाला.

आता कोठ्यातली भानगड. तो बैलांच्या मापाचा आहे. गव्हाण बैलाच्या छातीला येते, तुमच्या घोडीच्या ती डोक्यावर जाणार. मान वर करून खाताना कुटाराची धूळ सरळ नाकाडोळ्यांत. खाणं जमिनीलगत द्या. मुताची नाली असेलच, उताराला, फरशीत कोरलेली. शिंगराचा खूर दीड-दोन इंचांचा असतो, तो त्या नालीत नेमका बसतो. नाली बुजवा, टोकापर्यंत. फरशी घोटून गुळगुळीत झाली असेल तर उखडा, मुरूम टाकून धुमसून घ्या, वर तणसाचा जाड थर. खुंटे काढा. भिंतीवरून हात फिरवत सगळीकडे फिरा, पण तुमच्या कमरेच्या उंचीवर नव्हे, गुडघ्याच्या उंचीवर. खिळे, तारा, फुटका पत्रा, सगळं तिथेच असतं.

आणखी एक. सकाळी कोठ्यात जाऊन खाली बसा आणि श्वास घ्या. उभ्या माणसाला मुताचा वास येत नाही, खाली बसलं की डोळे चुरचुरतात. शिंगरू दिवसरात्र त्याच हवेत झोपणार आहे.

फवारणीचे पंप लिहिलेत, म्हणून विचारतो. औषधाच्या बाटल्या, थिमेटच्या पुड्या याच कोठ्यात ठेवायचात का?

वाडीवरचा:
हो. ईशान्येच्या कोपऱ्यात. पंचवीस वर्षं. कपाशीचं सगळं तिथेच. तुम्ही विचारल्यावर आत्ता अंगावर काटा आला, कारण कुटाराचा ढीग त्याच कोपऱ्याला टेकलेला आहे.

कवेलू:
तो ढीग घोड्यांना घालू नका, दुसऱ्याच्या ढोरांनाही देऊ नका. कोपऱ्यातली माती फूटभर खोदून वाडीबाहेर नेऊन पुरा, विहिरीपासून लांब. मग तिथे भिंत घाला, तो कोपरा कोठ्यातून वजा.

पुणेरी_पागा:
मला एक कळत नाही. आपल्याकडे भीमथडीसारखी दख्खनची जात असताना ही विलायती खेळणी कशाला? दगडधोंड्यात दिवसभर चालणारं तट्टू आणि हे सोफ्यावर बसवायचं खेळणं, काही तुलना? शिवाय 'लहान, अजून लहान' या हव्यासापायी यांच्यात खुजेपणाचा दोष पसरलाय. वाकडे पाय, पुढे आलेला जबडा, फुगलेलं कपाळ. ज्या घोडीचं कौतुक जगातली सर्वांत लहान म्हणून झालं, ती ४४.५ सेंटिमीटरची थंबेलिना, तीही याच दोषाची होती. हौसेला मोल नसतं हे ठीक, पण मोल जनावर भरतं.

सीताबर्डी:
आलं पुणं.

निवृत्त_पशुवैद्य:
पुणेरी_पागा, दोषाबद्दल तुमचं बरोबर आहे. नर-मादी दोघांत तो दडलेला असेल तर निरोगी जोडप्यालाही खुजं शिंगरू होतं. म्हणून नर निवडताना इंच पाहू नयेत, पाय आणि दात पाहावेत. पण यांची घोडी गाभण आहेच. आता तिला भीमथडीवर व्याख्यान देऊन उपयोग नाही.

उंचीचं एक टाकून ठेवतो. अमेरिकेतल्या या जातीच्या मुख्य नोंदणीत ३४ इंचांची मर्यादा आहे आणि माप आयाळीच्या शेवटच्या केसापाशी घेतात. आपल्याकडे विकणारे कुठूनही पट्टी लावतात.

ढोरकी:
खायले काय देता? आमच्या बुढ्याकडे टांग्याचा घोडा होता, त्याले भिजवलेले चणे, ढेप अन् गूळ. चकाचक राहे. तुमचीले बी द्या, पोटूशी हाये बिचारी.

उमरेडची_माहेरवाशीण:
ढोरकी भाऊ, तुमच्या टांग्यावरून आठवलं. माझ्या आजोळी, भंडाऱ्याकडे, टांग्याचा लाल घोडा होता. उभा असला की राजा, पण चढावर पळवला की घशातून करवतीसारखा आवाज यायचा. लोक म्हणायचे दमा आहे. एकदा रस्त्यातच बसला. मग एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी विचारलं, लाखोळी खाऊ घालता का? आमच्याकडे धानानंतर बांधीत लाखोळीच (लाखेची डाळ) असते, कुटारही तिचंच आणि भरडाही तिचाच. घोड्याला ती बाधते म्हणाले, घशाची नस जाते. बंद केली, पण आवाज गेला नाही. आईला अजून त्या घोड्याचं नाव काढलं की पाणी येतं डोळ्यांत. ती कुटार विकत घेताना मुठीत घेऊन दाणा शोधते.

निवृत्त_पशुवैद्य:
शंभर टक्के खरं. लाखोळीने माणसाचे पाय जातात हे सगळ्यांना माहीत आहे. घोडा तिला फार हळवा, त्याचे पाय जातात आणि घसाही. बाहेरून कुटार घेणार असाल तर ताईंच्या आईसारखं करा.

यादी करायचा कंटाळा येतो, पण घरात ढोरांसाठी आणलेलं जे जे आहे त्याकडे संशयाने पाहा. कोंबड्यांच्या आणि काही गाईंच्या खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला फायद्याचं, घोड्याच्या हृदयाला विष, थोडंसंही. गोचिडांसाठी आपण ढोरांना सर्रास अमिट्राझ हे औषध लावतो. घोड्याला लावलं तर आतडं थांबतं आणि पोटशूळ उठतो. सरकीची ढेप शिंगराला नको. बुरशी आलेला मका कोणालाच नको, घोड्याला तर मुळीच नाही, मेंदू जातो. लक्षात असू द्या, घोड्याला उलटी होत नाही. जे आत गेलं ते गेलं.

आता चणे. या घोड्या हवेवर फुगतात. चणे-गुळाने खुरांना सूज येते आणि जन्माचं लंगडणं. म्हणून काही शहाणे गाभण लठ्ठ घोडीला उपाशी ठेवतात, ते त्याहून वाईट. अंगातली चरबी एकदम रक्तात उतरते आणि घोडी दोनचार दिवसांत जाते. कोरडं गवत भरपूर, दाणा मूठभर, बदल हळूहळू. घोडीने एक दिवस खाणं सोडलं तर 'उद्या पाहू' नाही.

ढोरकी:
म्हणजे उपाशी ठेवलं तरी मरते, खाऊ घातलं तरी मरते. बायकोच करून आणली म्हणा ना दुसरी.

हुशार_आजी:
तुझी पहिली वाचते का हा धागा?

धंदेवाईक:
विषय वेगळा आहे, पण विचारतो. शिंगरू मोठं झाल्यावर लहान मुलांना फेऱ्या, वाढदिवस, वरातीत नवरदेवाच्या पुढे वगैरे चालेल का? फुटाळ्याला गर्दी असते. खर्च तरी निघेल.

अकलूजचा_स्वार:
पूर्ण वाढलेल्या या घोड्याचं वजन ८०-१०० किलो. पाठीवर स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त नको, म्हणजे खोगिरासकट १६-२० किलो. तुमचा पाचवीतला गोलू बसला की संपलं. छोट्या गाडीला जुंपता येतो, पण चार वर्षांचा झाल्यावर आणि सपाटीवर. शेटलँड तट्टं इंग्लंडच्या कोळशाच्या खाणीत वॅगन ओढायची, यांच्या अंगात ते रक्त आहे, ताकद असते.

वरातीत मात्र नेऊ नका. दहा लग्नांतल्या घोड्या एका हौदावर पाणी पितात. त्यांतल्या एकीला ग्लँडर्स हा संसर्गाचा रोग असला तर तो माणसालाही होतो, आणि घोडा पॉझिटिव्ह निघाला की औषध नाही, सरकारी नियमाने तो मारावाच लागतो. दोन्ही घोड्यांचं रक्त तपासून घेतलं का?

वाडीवरचा:
घेतलं. नमुने हिसारच्या घोड्यांच्या संशोधन केंद्रात गेले होते, निगेटिव्ह आले. धंदा करायचा नाही, धंदेवाईक साहेब. मुलगी दहावीत आहे, तिला फक्त त्यांच्याशेजारी बसून अभ्यास करायचा असतो.

उमरेडची_माहेरवाशीण:
खाणीत वॅगन! आमच्या उमरेडच्या कोळसाखाणीवाल्यांना कोणी सांगू नका, उद्या मागणी येईल.

अकलूजचा_स्वार:
शिंगराच्या वळणाबद्दल लिहायचं राहिलं. लोक चूक करतात ती इथेच. कुत्र्याच्या पिल्लासारखं दिसतं म्हणून मांडीवर घेतात, पुढचे पाय खांद्यावर ठेवू देतात. दहा किलोचं असताना गोड. दीड वर्षाचा ७० किलोचा नर तेच करतो तेव्हा तोंडावर टाके पडतात. पहिल्या दिवसापासून हात लावा, पाय उचलायची सवय लावा, कारण पुढे दर सहा-आठ आठवड्यांनी खूर साळावे लागतील. पण तोंडाशी खेळ नाही, हातातून खाऊ नाही. आणि वासरासारखं गळ्यात दावं घालून खुंट्याला बांधू नका. शिंगरू मागे झटका देतं, मानेचा मणका दुखावतो. मोरखी घालून नुसतं सोबत चालवा.

पुणेरी_पागा:
ह्याच्याशी सहमत. (मीही सहमत होतो कधीकधी.) दुसरी घोडी विकू नका, हे माझ्याकडून. एकटा घोडा सुखी नसतो. आणि ही जनावरं २५-३० वर्षं जगतात. तुमची मुलगी चाळिशीची होईल तेव्हा ती घोडी असेल, हे तिला आत्ताच सांगा.

वाडीवरचा:
सांगितलं. म्हणाली, 'बाबा, मी असेन, तुम्ही तुमचं पाहा.'

सीताबर्डी:
फोटो?

वाडीवरचा:
(फेब्रुवारी. धागा वर काढतोय.)

व्याली. काल रात्री, ठरलेल्या तारखेच्या पाच दिवस आधी. दुपारी मेण दिसलं, म्हणून मी आणि मुलगी कोठ्यात खाट टाकून होतो. मी दीडला पाणी प्यायला घरात गेलो, सहा मिनिटांत परत आलो, तर पुढचे दोन पाय बाहेर. मला पाहिलं आणि थांबली. मुलीने मला हाकलून लावलं. पिशवी पांढरी होती, ते मी आधी पाहून घेतलं. १८ मिनिटांत पूर्ण बाहेर. मादी आहे. काळी, कपाळावर पांढरा ठिपका.

एक तासाचं घड्याळ मी इतकं कधी पाहिलं नव्हतं. चार वेळा पडली, पाचव्यांदा ५० व्या मिनिटाला उभी राहिली आणि भिंतीला दूध शोधायला लागली. मग खांबाला. मग माझ्या गुडघ्याला. आई बिचारी मागे वळून वळून पाहते. शेवटी १ तास ४० मिनिटांनी सापडलं. तेवढ्यात आमची आई म्हशीच्या दुधाची बाटली कोमट करून घेऊन दारात उभी. 'एवढुशी भुकेली आहे, दे दोन घोट.' घरात पहिल्यांदा आईला नाही म्हणालो.

वार २ तास ३५ मिनिटांनी पडली. घमेल्यात पाणी घालून झाकून ठेवली. सकाळी डॉक्टर आले, पूर्ण आहे म्हणाले. शिंगराचं रक्तही घेतलं, चिकाची ताकद उतरली का ते पाहायला. उतरली आहे. वजन करायला मुलगी तिला उचलून काट्यावर उभी राहिली, मग एकटी उभी राहिली. ९ किलो.

आता कबुली. कवेलू भाऊ, नाली मी बुजवली, पण टोकापर्यंत नाही. शेवटचा हातभर भाग दाराआड होता, कुटाराने झाकलेला, म्हटलं तिकडे कोण जातंय. सकाळी नऊला नेमकी तिथेच गेली. मागचा पाय नालीत, ओरडते, आई वेडी झालेली. घमेल्याने माती खणून पाय मोकळा केला. हाड शाबूत आहे, वरचं कातडं सोललंय, सूज आहे. डॉक्टरांनी धनुर्वाताचं टोचलं. गवंडी आत्ता काम करतोय.

कवेलू:
दारामागचं राहतंच. माझ्या स्वतःच्या घरात राहिलंय. सूज उतरली का ते कळवा.

निवृत्त_पशुवैद्य:
अभिनंदन. म्हशीच्या दुधावरून सांगतो, कारण पुढे कोणाला लागेल. घोडीचं दूध पातळ आणि गोड, त्यात साखर जास्त, स्निग्धांश फार कमी. म्हशीचं नेमकं उलट. आई मेलेल्या शिंगराला शेळीचं दूध बऱ्यापैकी चालतं, म्हशीचं नाही, आणि सुरुवातीला दर दीड-दोन तासांनी लागतं, रात्रीसुद्धा. तुमच्यावर ती वेळ आली नाही.

आठ-दहा दिवसांनी हगवण लागेल. तेव्हाच घोडी माजावर येते म्हणून लोक दुधाला दोष देतात. शिंगरू खेळतंय, पितंय तोवर फक्त मागचा भाग धुऊन व्हॅसलिन लावा. मलूल झालं तर फोन. ती आईची लीद खाताना दिसेल, तेव्हा ओरडू नका, आतड्यासाठीच खाते. जंताचं पहिलं औषध दोन-तीन महिन्यांनी, वजन करून, अंदाजाने नाही. दूध चार-सहा महिन्यांवर तोडा.

ढोरकी:
भाऊ, पोयाले सजवून आणा हिले. लाकडी बैलाच्या रांगेत तान्ह्या पोयात उभी केली तं पयलं बक्षीस आपलंच.

हुशार_आजी:
ढोलताशात? काही नको. पण पाय बरा झाला की घरी नैवेद्य कर हो, वाडीवरच्या. आणि तुझ्या आईला रागावू नकोस, चुलीजवळ रात्री उठून दूध तापवलं तिनं.

वाडीवरचा:
आज्जी, आई आता रोज सकाळी कोठ्यात जाते. खाली बसून वास घेते. उठताना खांब धरावा लागतो, पण ऐकत नाही. कालच मला म्हणाली, डाव्या कोपऱ्यातलं तणस आजच बदल, डोळ्याला लागतंय.

अजून एक विचारायचं राहिलं. मे महिन्यासाठी खसाच्या ताट्या दाराला लावल्या तर घोड्या त्या खातील का?

अकलूजचा_स्वार:
खातील. हाताला येणार नाहीत अशा उंचीवर लावा. म्हणजे, तोंडाला.

सीताबर्डी:
फोटो!!